दार लागेपर्यंत

आमची मालूआत्या कुठल्याही दारातून सगळ्यांत शेवटी आत जाते. स्वतःच्या सत्काराला गेली तेव्हासुद्धा.

लातूरच्या एका मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर शिवण शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी हॉल भरला, पाहुणे स्टेजवर बसले, ताटात शाल-नारळ तयार, आणि सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी. आत्या हॉलच्या दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत सोडत होती. मुख्याध्यापिका दोनदा बोलवायला आल्या. "तुम्ही व्हा पुढं बाई, मी हाय इथंच," असं सांगून आत्याने त्यांना दोन्ही वेळा परत पाठवलं. शेवटी तिच्या गुणांचं वर्णन रिकाम्या खुर्चीकडे बघूनच उरकावं लागलं. बाहेरगावच्या पाहुण्यांचा त्यामुळे गैरसमज झाला. भाषणात ते गंभीर आवाजात म्हणाले, "मालतीबाई आज आपल्यात नाहीत." दाराशी उभ्या असलेल्या आत्याने मान हलवून दुजोरा दिला.

नुसतं शेवटी जाणं एवढंच असतं, तर लोकांनी विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं. पण आत जाताना आत्या दार धरून थोडी बाजूला सरकते. हातात पिशवी असलेल्या एका माणसाला आत यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तशी उभी राहते. मग बाहेर एकदा बघते आणि दार लावते. लहानपणी मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहायचे. तिथं काहीच नसायचं. तरी आत्याने कडी घातली, की मला वाटायचं, खोलीत आपण आहोत त्यापेक्षा आता एक जास्त झालं.

तिला कुणी घाई केली, तर तिचं उत्तर ठरलेलं असतं. "दार लागलं का? न्हाई ना? मंग येळ हाय."

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते बरोबर उलटे. सातच्या बससाठी ते चारला स्टँडवर जाऊन बसतात. लग्नाला अशा वेळी पोचतात, की एकदा त्यांना मांडवाचे बांबू धरावे लागले. नवऱ्या मुलाच्या काकांनी त्यांना मांडववाला समजून चहा पाजला. या बहीणभावांच्या मधे माझी आई आहे. ती सगळीकडे वेळेवर जाते, पण आमच्या घरात तिच्या घड्याळाला किंमत नाही.

आत्या आमच्या शेजारीच राहते. तिने लग्न केलं नाही. मी तिसरीत असताना शाळेत 'माझे कुटुंब' या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. मी लिहिलं, मला दोन आत्या आहेत, एक शेजारी राहते आणि दुसरी वाटेत आहे. बाईंनी 'वाटेत'खाली लाल रेघ मारून विचारलं होतं, कुठून येत आहेत? मी वही घेऊन आत्याकडे गेले. ती मशीनवर बसली होती. पायडलवरचा पाय न थांबवता म्हणाली, "औशाकडून."

लातूरपासून औसा एवढं जवळ आहे, की तिथून यायला एखाद्याला माझं अख्खं वय का लागावं, हे मला कळेना.

पुढे कळलं. बेबीआत्या ही या दोघांची सगळ्यांत धाकटी बहीण. औशाच्या पलीकडे एका गावात ती शाळेवर होती, भूगोल शिकवायची. माझ्या जन्माच्या आधी, भूकंप झाला त्या पहाटे, ती त्या गावातच होती. आमच्या घरात तिचा फोटो आहे, पण त्याला हार नाही. बाबांनी एकदा आणला होता. आत्याने तो उचलून दारावरच्या गणपतीला घातला. "निघालेल्या माणसाला हार घालत न्हाईत, बाळू," एवढंच म्हणाली. बाबा एरवी मोठ्याने बोलणारे, पण त्या दिवशी ते कपडे बदलून लवकर ऑफिसला निघून गेले. ऑफिस उघडायला अजून दोन तास होते.

आत्याच्या घरात आता क्लासच्या मुली राहतात. डॉक्टर व्हायला म्हणून लातुरात मुलामुलींची एवढी रीघ लागली, की ज्याच्या घराला जिना होता त्याने जिन्याखालीही खाट टाकली. आत्याकडे बारा खाटा आहेत आणि मुली अकरा. खिडकीजवळची बारावी खाट रिकामी असते. आत्या रोज सकाळी तिची चादर बदलते, कोपरे दुमडून ताठ करते आणि उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवते. जूनमध्ये लांबलांबचे पालक येतात. उदगीरचे एक गृहस्थ मुलीची गादी डोक्यावर घेऊन दारातच उभे राहिले होते. सबंध गल्लीत जागा नाही, ही खाट तर रिकामी दिसते, असं काकुळतीने म्हणत होते. आत्याने त्यांना पाणी दिलं, गादी खाली उतरवून घेतली, चार घरं पलीकडे स्वतः जाऊन त्या मुलीची सोय लावली. पण ती खाट दिली नाही. "ती दिलेली हाय," म्हणाली. कुणाला, असं त्यांनी विचारलं. "येऊलालीय," आत्या म्हणाली. गृहस्थांनी सहज मागे वळून रस्त्याकडे बघितलं. कोणीही बघतं. तिचा आवाजच तसा असतो. आत्ताच फोन आला होता, कोपऱ्यावर पोचलीय, असा.

नव्या मुली पहिले आठ दिवस त्या खाटेकडे पाठ करून झोपतात. हिमायतनगरच्या मुलीने मला शपथेवर सांगितलं, की सकाळी त्या चादरीवर वळ्या असतात. मुदखेडची म्हणाली, मांजर असेल. मी त्या घरात लहानपणापासून जाते. मांजर मी कधी पाहिलेलं नाही.

मग हळूहळू भीती जाते आणि तिच्या जागी भक्ती येते. परीक्षेच्या आधी पेन त्या उशीखाली ठेवलं, तर पाठ केलेलं विसरत नाही, अशी मुलींची समजूत आहे. मी एका क्लाससाठी जीवशास्त्राचे प्रश्न तयार करते. शिकवत नाही, शिकवायला समोर उभं राहावं लागतं. एकदा आत्याला मदत म्हणून मी ती उशी उचलली, तर खाली मूठभर पेनं होती आणि माझा प्रश्नसंच होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. माझ्या कामाचा एवढा मान कुणी केला नव्हता, तरी मी तो पटकन होता तसा ठेवून दिला.

मोठ्या परीक्षेच्या दिवशी आत्या मुलींबरोबर केंद्रावर जाते. उशिराचा नियम तिच्या एकटीपुरता आहे. मुलींना ती वेळेवर आत घालते. त्यांच्या कानातलं काढून स्वतःच्या पदरात बांधते, प्रत्येकीचं ओळखपत्र बघते आणि पाठीवर हात ठेवून आत सोडते. मग फाटकाशी उभी राहते. एका वर्षी मी तिच्याबरोबर होते. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आतली सगळी गर्दी बाकांवर बसलेली आणि बाहेरचे पालक झाडाखाली गेलेले. वॉचमन फाटक ओढायला आला. आत्याने गजाला हात लावला आणि त्याला आपलं नेहमीचं वाक्य ऐकवलं. वेळ व्हायला दोन मिनिटं होती. तो घाम पुसत थांबला. आम्ही तिघं त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे होतो. आणि त्या रस्त्याच्या टोकाला खरोखरच एक मुलगी दिसली. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात कागद, धावत येत होती. वडिलांची मोटरसायकल वाटेत बंद पडली होती.

आत्याने तिला फाटकात अडवलं. तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि नीट निरखून बघितला. मग सोडून दिलं. "जा," म्हणाली.

फाटक लागल्यावर वॉचमनने हळूच विचारलं, मावशी, तुम्हाला कसं कळलं. आत्या म्हणाली, "मला कशाचं कळतंय. कुणीतरी येतच असतंय." पुढच्या वर्षापासून तो वॉचमन तिच्यासाठी खुर्ची टाकून ठेवायला लागला.

तिच्या या पद्धतीला फक्त रेल्वे जुमानत नाही. बसचं दार कंडक्टर ओढून लावतो आणि घंटी मारतो, तेव्हा चढायची शेवटची वेळ कोणती ते आत्याला कळतं. रेल्वेचं दार उघडंच राहतं आणि गाडी निघून जाते. तिरुपतीला निघालो, तेव्हा आई, बाबा आणि मी गाडीत होतो. आत्या फलाटावर दाराशी उभी राहून दार लागायची वाट बघत होती. गाडी हलली. बाबा ओरडले. आत्या शांतपणे, अजून लागलं नाही, असं हाताने सांगत मागेमागे जात राहिली. पुढचं स्टेशन येईपर्यंत बाबा दारातच उभे होते. त्यानंतर आम्ही चौघं मिळून कुठं गेलो नव्हतो.

म्हणून बाबा निवृत्त झाले, तेव्हा मी जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून बसायचं, दोन दिवस समुद्रात फिरायचं आणि मुंबईलाच उतरायचं. बाबांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आत्याने समुद्र कधीच पाहिला नव्हता, तरी ती खूश झाली का घाबरली, ते तिच्या तोंडावरून कळेना. तिने एकच विचारलं.

"जहाजाला दार हाय का?"

मी शोधून काढलं. जहाजावर जायच्या आधी बंदराच्या इमारतीतून जावं लागतं, त्या इमारतीला काचेचं दार आहे आणि ते साडेतीनला बंद होतं. मग कुणालाही घेत नाहीत.

"मंग चालंल," आत्या म्हणाली.

खरी अडचण पुढे होती. नाव, वय, ओळखपत्र, सगळं भरून झाल्यावर जहाज कंपनीचा फॉर्म एक प्रश्न विचारत होता: बंदरावर किती वाजता येणार? अकरापासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा दिलेल्या होत्या. त्यांतली एक निवडायची आणि त्याच वेळी जायचं. खाली लिहिलं होतं, की कृपया लवकर येऊ नये. ते बाबांना वैयक्तिक अपमानासारखं लागलं.

"अकराची घे," ते म्हणाले. "आपण नऊला जाऊन बसू."

आत्याने विचारलं, शेवटची कोणती आहे. मी सांगितलं, अडीच ते तीन.

"आन दार साडेतीनला. मंग सव्वातीनला निघू."

"निघायचं नसतंय अक्का, पोचायचं असतंय," बाबा म्हणाले.

"दार साडेतीनलाच लागतंय ना?"

आईचं म्हणणं होतं, की जहाजावरचं दुपारचं जेवण तिकिटातच आहे. ते सोडून बंदराच्या भिंतीला टेकून दशम्या खायच्या असतील, तर तेवढ्यासाठी मुंबईला जायची गरज नाही. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. आठ दिवस फॉर्ममधला तो चौकोन रिकामा राहिला. संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला, की दोन बाजूंनी दोघं येऊन बसायचे. मी कुणाला काही बोलू शकत नाही, त्यामुळे झाकण मिटवायचे.

नवव्या दिवशी बाबा एकटेच माझ्या खोलीत आले. दाराकडे बघत म्हणाले, "दोन वेगळ्या वेळा घे. मी आन तुझी आई अकराला. अक्काला शेवटची दे, पण तू तिच्यासंगं राहा." मग थोडं थांबून म्हणाले, "ती आत आली न्हाई, तर मी बी उतरणार. सगळ्यांनी उतरायचं. मागं ठेवून जायचं न्हाई आता कुणाला."

मी मान हलवली. ते तरी उभेच होते.

"त्या दिवशी स्कूटर घेऊन निघालो होतो मी. रस्ते सगळे भरलेले. पोचलो, तवा दुपार झाली होती."

ते कोणत्या दिवसाबद्दल बोलत होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण सातच्या बससाठी चारला निघणाऱ्या माणसाला मी त्यानंतर हसले नाही.

निघायच्या तीन दिवस आधी आत्या आमच्याकडे प्रस्थान ठेवायला आली. ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मुहूर्त एका दिवसाचा आणि प्रवास दुसऱ्या दिवसाचा असला, की मुहूर्तावर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलेलं आपलं छोटं गाठोडं वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं, म्हणजे माणूस निघालं. मग माणसाने सवडीने जायचं आणि आपलं गाठोडं उचलून पुढे चालू लागायचं. ज्याचं त्याने उचलायचं, आणि एकदा निघालेलं गाठोडं मागे न्यायचं नाही. आत्याने आमच्या देव्हाऱ्याखाली पाट मांडला आणि त्यावर दोन गाठोडी ठेवली. एकाचं फडकं नवं, पिवळंधमक. दुसऱ्याचा रंग सांगता येत नव्हता. त्याची गाठ काळी पडून एवढी आवळलेली होती, की ती आता कापल्याशिवाय सुटली नसती.

दोन कशाला, मी विचारलं.

"एक माझं हाय," आत्या म्हणाली.

पुढचे तीन दिवस मला त्या खोलीत जावंसं वाटलं नाही. आईने दिवा लावायला मला सांगितलं, तर मी दारातूनच हात लांब केला.

मुंबईला आम्ही बसने गेलो. बसला दार असतं. आई-बाबा नऊला बंदरावर पोचले. तिथल्या माणसाने त्यांना तीन वेळा परत पाठवलं आणि अकराला एकदाचं आत घेतलं. आत्या आणि मी बाहेर राहिलो. जवळच्या एका खानावळीत जेवलो, मग समोरच्या भिंतीच्या सावलीत बसलो. जहाज तिथून दिसत होतं. लातुरातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच, ओळीने खिडक्या असलेलं, पांढरं. आत्या बराच वेळ त्याच्या तळाकडे बघत होती.

"एवढं मोठं, आन खाली पाया न्हाई," ती म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "बरं हाय. हलणार, हे आधीच माहीत असतंय."

अडीचला आम्ही दाराशी गेलो. मला वाटलं होतं, निदान रांगेत तरी उभं राहू. आत्या रांगेच्या बाजूला, दाराच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि लोकांना आत सोडायला लागली. दारावर पांढऱ्या शर्टातला एक तरुण माणूस होता. त्याला आधी वाटलं, ही कंपनीचीच कुणी बाई आहे. टोप्या घातलेली कुटुंबं, नवी लग्न झालेली जोडपी, चाकांच्या बॅगा खडखडत गेल्या. प्रत्येकाच्या तोंडाकडे आत्या बघत होती. तीन वाजले, तशी रांग संपली. पांढरा शर्ट म्हणाला, "आजी, चला आता तुम्ही." आत्याने त्याला वेळ विचारली आणि आहे तिथंच राहिली.

सव्वातीन. बाबांचा फोन आला. आलात का, एवढंच त्यांनी विचारलं. दारातच आहोत, असं मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मीच शेवटी फोन बंद केला.

समोरचा रस्ता पूर्ण रिकामा झाला होता. दुपारची वेळ, लखलखीत ऊन, आणि एवढ्या मोठ्या शहरात तेवढ्या तुकड्यावर एकही माणूस नव्हता. जहाजाची यंत्रं सुरू झाली असावीत. पायाखालच्या फरशीत अगदी बारीक थरथर यायला लागली. आत्याला ती माझ्या आधी जाणवली. तिने पिशवीतून ते जुनं गाठोडं काढलं आणि दोन्ही हातांत धरलं. तेव्हा मला दिसलं, की तिला आत जाता येणार नाही. साडेतीन वाजतील, दार लागेल, आणि ती तिरुपतीच्या गाडीच्या वेळेसारखी तशीच उभी राहील.

एवढ्या वर्षांत आमच्या घरात कुणी जे विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. "आत्या, ती कशी निघाली होती?"

आत्याने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"बदली झाली होती लातूरला. पितरांचा पक्ष लागायच्या आधी निघावं, म्हणून मीच पंचांग बघून येळ काढली. चतुर्दशीची संध्याकाळ. ती म्हणली, संध्याकाळच्याच गाडीनं येते अक्का. मी सकाळच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. शाळेच्या पोरांचा गणपती बुडवून उद्या सकाळी निवांत ये, म्हणलं. रातचं येऊ नको. प्रस्थान तेवढं पाठव." तिने गाठोडं जरा वर केलं. "तिनं पाठवलं. हे टायमावर आलं बघ. मीच स्टँडवर जाऊन घेतलं."

मी त्या काळ्या गाठीकडे बघितलं.

"म्हंजे निघालेली हाय ती, मनू. मुहूर्तावर निघालेली हाय. आता ती आली, आन दार लागलेलं दिसलं, तर तिला काय वाटंल? कुणी थांबलंच न्हाई, असंच वाटंल का न्हाई?"

मग, जणू हे अगदी साधं असावं तसं, म्हणाली, "पोरांनी विचारलं होतं तिला, समुद्र केवढा असतोय म्हणून. बघून सांगते म्हणली होती. म्हणून आणलंय हे."

तीन पंचवीस झाले होते. मला अनोळखी माणसांसमोर एकटीने उभं राहायला जमत नाही. दुकानातसुद्धा मी आईच्या मागे उभी राहते. तरी मी म्हणाले, "आत्या, तू हो पुढं. मी थांबते."

तिने माझ्याकडे बघितलं. "दार लागंपर्यंत?"

"दार लागेपर्यंत."

तिने माझी हनुवटी धरून चेहरा वर केला आणि त्या परीक्षेच्या मुलीकडे बघितलं होतं, तसं निरखून बघितलं. मग गाठोडं माझ्या हातात दिलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. "आली तर तिच्या हातात दे," ती म्हणाली. "न्हाई आली, तर मागं ठेवून येऊ नको."

आणि आत्या आत गेली. तिच्या मागे कुणीतरी उभं आहे, असं मी प्रथमच पाहत होते. दार न धरता ती सरळ आत चालत गेली.

मी उभी राहिले. पाच मिनिटं काही फार नसतात. पण मी त्या रस्त्याकडे आत्याच्या डोळ्यांनी बघायला लागले होते, आणि तसं बघितलं, की रिकामा रस्ता रिकामा वाटत नाही. कोपऱ्यावर काहीतरी हललं. कागद होता. पांढऱ्या शर्टाने हातातली यादी बघितली आणि विचारलं, "मॅडम, अजून कोणी आहे का? यादीत तर तुम्ही सोडून सगळे आले."

"एक जण आहे," मी म्हणाले.

कोण, असं त्याने विचारलं नाही. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण त्यानेही मान वळवून रस्त्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं कोपऱ्याकडे बघत राहिलो.

साडेतीनला तो म्हणाला, "चला." मी आत गेले. दोन पावलं टाकून वळून बघितलं, कारण दार लागल्याचा आवाज आला नव्हता. तो माणूस दार हातात धरून थोडा बाजूला सरकून उभा होता. हातात पिशवी असलेल्या एका माणसाला आत यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ. मग त्याने बाहेर एकदा बघितलं आणि दार लावलं. आपण असं का केलं, ते त्याला सांगता आलं असतं, असं मला वाटत नाही.

सामान तपासणाऱ्या बाईने गाठोडं हातात घेऊन उलटसुलट केलं. हे कुणाचं, म्हणाली.

"आत्याचं," मी म्हणाले. कोणत्या आत्याचं, ते तिने विचारलं नाही.

पुढच्या मोठ्या खोलीत सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. लांब, जहाजाकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी बाबा उभे होते आणि दोन्ही हात वर करून हलवत होते. मधल्या एका बाकावर आत्या बसली होती. मांडीवर हात, नजर माझ्याकडे.

"लागलं?" तिने विचारलं.

"लागलं."

तिने माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं. ते मागितलं नाही. मग माझ्या खांद्यावरून मागे, मी आले त्या बाजूला, क्षणभर बघितलं. आणि मला बसायला जागा करून द्यावी, म्हणून बाकावर सरकली. चांगली दोन माणसं बसतील, एवढी सरकली.